चिवड्याच्या डब्यातला कंद

असोदा, १२ सप्टेंबर १९९५

अभिमनराव,

तुमचं कार्ड परवा मिळालं. नरडाण्याचा शिक्का दीड वर्षानं पाहिला, म्हणून वाचायच्या आधी खाटेवर बसून घेतलं. वाटलं, ताईबाईला काही झालं की काय. वाचलं तर निराळंच. फळबाग संघाच्या यंदाच्या फिलिपाइन्स सहलीत तुमचं नाव लागलं आहे, ५ नोव्हेंबरचं विमान आहे, आणि तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या सहलीला मी जाऊन आलो असल्यामुळे 'प्रवासाच्या तयारीबाबत चार उपयुक्त सूचना कळवाव्यात ही विनंती'. बहिणीचा नवरा मेहुण्याला लिहितो आणि भाषा कचेरीची. खाली नुसती सही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मागल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, ताईबाई माहेरी आली, तुमच्या नव्या लागवडीसाठी माझ्या मळ्यातले केळीचे कंद मागितले, मी नाही म्हणालो, आणि ती भरल्या ताटावरून उठून गेली. तेव्हापासून तुमच्या घरचं पाऊल असोद्याला लागलेलं नाही. लेकीनं कंद मागावा आणि भावानं नाही म्हणावं, असं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोणी ऐकलं नसेल. गावानं मला तोंडावर सुनावलं. तुमचा अबोला मी समजू शकतो. पण तो मोडला कशासाठी, तर फुकटच्या सूचनांसाठी, याची शिसारी आली. असो. मागितल्या आहेत तर देतो.

पहिली सूचना, जाऊ नका. पण संघानं तिकीट काढलं म्हटल्यावर तुम्ही जाणारच, तेव्हा पुढचं वाचा.

संघ सगळ्यांना एकसारखा सफारी शिवून देईल. आम्हाला दिला होता, शेवाळी रंगाचा, टेरिकॉटचा. तो घरी ठेवा. आपल्याकडं वैशाखात माणूस भाजतो, तिथं उकडतो. अंगावरचा घाम वाळतच नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही पंधराही जण काखा खाजवत बसमधून उतरलो आणि समोर तिथल्या बाया फुलांचे हार घेऊन उभ्या. त्यांनी हार घातले ते हात लांब करून. सुती सदरे न्या, सैल, चार तरी. घामोळ्याची पावडर न्या. छत्री न्या, तिथं रोज दुपारी पाऊस पडतो. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आधीच्या आठवड्यापासून सुरू करा. आमच्यातल्या एकानं सगळ्या एकदम विमानात घेतल्या आणि मनिलापर्यंत कागदी पिशवीत तोंड घालून बसला. पाणी बाटलीचंच प्या. बर्फ घातलेलं काही पिऊ नका.

खाण्याचं सांगतो. भात तिन्ही त्रिकाळ मिळतो. त्याच्याबरोबर काय येतं ते विचारू नका, कारण सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. तुम्ही माळकरी नाही, पण तोंड वाकडं कराल. त्यांचं अन्न त्यांना लाभो, मला त्याची किळस आली नाही. मला आली आपल्या माणसांची. तुमच्याच तालुक्यातले उखर्डू आबा विजेची शेगडी घेऊन आले होते. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, गालिचावर, त्यांनी हिरव्या मिरचीचा ठेचा परतला. अख्खा मजला खोकत बाहेर आला. मॅनेजर वाळूची बादली घेऊन धावत आला, तर आबा दारात उभे राहून त्यालाच म्हणतात, 'खाय ना भो, गरम शे.' सगळे हसले. मी पण हसलो.

निघायच्या दिवशी हॉटेलवाल्यांनी बसशेजारी बॅगा उघडायला लावल्या. टॉवेल कमी होते. आपल्या बागायतदारांच्या बॅगांतून टॉवेल निघाले, साबण निघाले, एकाच्या बॅगेतून भिंतीवरचा दिवा निघाला. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. अध्यक्ष म्हणतात, प्रेमाची आठवण म्हणून घेतलं. माझ्या बॅगेची पाळी आली तेव्हा मी इतका भडकलो, इतका ओरडलो, की तो माणूस हात जोडून मागे सरला. चोराच्या रांगेत मला उभं करतो म्हणजे काय!

तेव्हा शेवटची सूचना, जे तिथलं आहे ते तिथंच राहू द्या.

ताईबाईला विचारलं म्हणून सांगा. नाही सांगितलं तरी चालेल.

चुडामण


असोदा, २५ सप्टेंबर १९९५

अभिमनराव,

या वेळी अंतर्देशीय आलं. कार्डापेक्षा ते बरं, पोस्टमन तरी वाचत नाही.

बूट कोणते न्यावेत विचारता. जुने न्या, आणि परत येताना तिथंच टाकून या. अनवाणी विमानात चढवत नाहीत, म्हणून एक स्वच्छ जोड बॅगेत वेगळा ठेवा, तो बागेत घालू नका. तुम्हाला वाटेल मेहुण्याला वेड लागलं. तसं नाही. तिथल्या प्रत्येक केळीबागेच्या फाटकात जमिनीत एक उथळ हौद असतो, औषधाच्या पाण्यानं भरलेला. आत जाताना बुटांसकट त्यात उभं राहायचं, बाहेर पडताना पुन्हा. एका बागेची माती दुसऱ्या बागेत जाऊ नये म्हणून. तिथला राखणदार आम्हाला खुणा करकरून सांगत होता, पाय बुडवा, पाय बुडवा. आणि आपले लोक? नवे बूट भिजतील म्हणून हौदावरून उड्या मारत होते. पोटं सुटलेली, कानात अत्तराचे फाये, आणि उड्या. तो राखणदार शेवटी आमच्याकडं नुसता बघत राहिला. आमच्याच गोठ्यात कोणी थुंकलं तर मी ज्या नजरेनं बघीन, तसा. तुम्ही हौदात उभे राहा. दोन्ही पाय. तीस आकडे मोजा.

आता तुमच्या पत्राचा शेवट. तुम्ही लिहिता, 'त्या नूर महंमदनं रोगट कंद देऊन माझा मळा बसवला. आता मी तिकडच्या चांगल्या जातीचे दोन कंद घेऊन येतो आणि माझं बेणं मीच तयार करतो. कसे आणावेत ते कळवा.'

आणू नका. कायद्यानं बंदी आहे. विमानतळावर बॅगा उलट्या करतात, दंड करतात, आत टाकतात. हा विषय संपला.

आणि नूर महंमदबद्दल लिहिताना जरा हात आवरा. तो आमच्या गावचा माणूस. तीस वर्षं या भागातल्या मळ्यांतून कंद खणून, निवडून, गाड्या भरून दिल्या त्यानं. कंद हातात घेतला की कापून वास घेणार, अंगठ्यानं दाबणार, जरा शंका आली की बांधापलीकडं फेकणार. आमच्या बापाच्या वेळेपासून असोद्यात लोक म्हणायचे, नूर महंमदनं फेकलेला कंद दुसऱ्याच्या मळ्यात उगवतो. तुमच्या मळ्याची गोष्ट पसरल्यापासून त्याच्याकडून कोणी एक कंद घेत नाही. परवा जळगावच्या बाजारात दिसला. पन्नाशी उलटलेला माणूस ट्रकमध्ये केळीचे घड भरत होता, पाठीवर गोणपाट टाकून. मला पाहून त्यानं पाठ फिरवली नाही. मीच फिरवली.

तुम्ही असंही विचारलं आहे, केळीचा एवढा जाणकार मी, मग दोन वर्षं मळ्यात कापूस का. जमिनीला विश्रांती. सगळ्या गावाला सांगितलं तेच तुम्हाला.

चुडामण


असोदा, ६ ऑक्टोबर १९९५

अभिमनराव,

तुम्ही लिहिता, 'उखर्डू आबा म्हणतात विमानतळावर काही तपासत नाहीत, तुमच्या मेहुण्याला उगाच भ्या वाटतं. चिवड्याच्या डब्यात तळाशी कंद मावतो का, तेवढं सांगा.'

मावतो. ओल्या रुमालात गुंडाळायचा, वर प्लास्टिक, त्याच्यावर वर्तमानपत्राचा कागद, आणि वरून चिवडा. मोठा डबा असेल तर दोन मावतात. मुंबईला कस्टमचा माणूस विचारतो, यात काय. आपण झाकण उघडायचं आणि म्हणायचं, घरचा चिवडा आहे साहेब, घ्या थोडा. तो मूठभर घेतो. घेतला होता त्यानं. शेंगदाणे वेचून खाल्ले.

हे पत्र मी चार दिवस लिहितो आहे. तीन फाडली. प्रत्येकात मी स्वतःला कुठून तरी सोडवून घेत होतो. आता सरळ लिहितो.

हौदावरून उडी मारणारा पहिला माणूस मी. बाकीच्यांनी माझं पाहून मारली. हॉटेलसमोर बॅग उघडू दिली नाही ती इज्जतीसाठी नव्हे, आत डबा होता म्हणून. टॉवेल चोरणाऱ्यांवर मी तुम्हाला पानभर लिहिलं. त्या टॉवेलांनी कोणाचा मळा बसला नाही.

तिथल्या बागेत एक कोपरा दोरी लावून बंद केला होता, लाल चिंध्या बांधलेल्या. आतल्या झाडांची पानं वाढतच नव्हती, शेंड्याला झुडुपासारखी एकत्र आवळून वर आलेली, उभी, ठिसूळ. त्यांच्या माणसानं सांगितलं की हा पर्णगुच्छ, कंदातून जातो, मावा नावाच्या बारीक किडीमुळे पसरतो, एकदा आला की झाड जाळायचं. मी मान डोलावली. आणि पुढच्याच वाफ्यात छातीइतका उंच घड पाहिला आणि माझी मती गेली. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या चांगल्या मळ्यातून रिकाम्या हातानं परतताच येत नाही. बापाला पाहिलंय, सोयऱ्याकडं लग्नाला गेला तरी येताना धोतराच्या सोग्यात एखादा कंद. सगळे जेवायला गेले तेव्हा मी मागे राहिलो. दोन कंद काढले, चाकूनं मुळं साफ केली. झाडं बघायला धडधाकट होती.

विहिरीच्या कोपऱ्यात लावले. कोणाला सांगितलं नाही, आधी येऊ दे, मग सगळ्यांना दाखवीन. झाडं आली, फुटवे आले. त्र्याण्णवच्या आखाजीला ताईबाई आली होती, तुम्ही नवा मळा धरणार होता. आपल्या रीतीप्रमाणे माहेरचे दोन कंद लेकीच्या हातानं पहिल्यांदा लागतात, मग बाकीचे. मी म्हटलं, एकुलती एक बहीण, तिला आपल्याकडचं भारीतलं भारी द्यावं. त्या फुटव्यांतले दोन दिले. कुठले ते तिलाही सांगितलं नाही; माझ्या मळ्यात सगळे नूर महंमदचेच कंद, म्हणून सगळ्यांनी तेही त्याचेच धरले. 'विहिरीजवळ लाव,' एवढंच म्हणालो. तिनं ओच्यात बांधून नेले.

त्या पावसाळ्यात माझ्या कोपऱ्यातली झाडं आवळली. शेंड्याला तसाच झुबका. मी पाहिलं आणि ओळखलं. त्याच दुपारी मुळापासून उपटली, रॉकेल ओतून जाळली, बायकोला सांगितलं घुशींनी खाल्ली. आणि आता ते लिहितो जे लिहायला चार दिवस लागले. सुरत पॅसेंजरनं तुमचं नरडाणं तीन-चार तासांवर आहे. त्या दिवशी गाडीत बसलो असतो तर तुमच्या विहिरीजवळची दोन झाडं काढली असती आणि बाकीचा मळा वाचला असता. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मग म्हटलं, कदाचित तिकडं आलं नसेल. मग संघानं आमचा सत्कार ठेवला, परदेशी केळीवर भाषण करायला मला उभं केलं, आणि मी हौदाचं सांगितलं, स्वच्छतेचं सांगितलं. टाळ्या वाजल्या.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत तुम्ही मला बोलावून घेतलं. मळ्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. तुमचे वडील, आबा, कपाळाला हात लावून बांधावर बसले होते, 'बठ्ठं वावर उपटनं पडी', सगळं शेतच उपटावं लागणार, म्हणत होते. नूर महंमदलाही आणलेलं. सगळ्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, रोग कंदातून आला. हे खरं होतं. कोणाच्या कंदातून, ते मी बोललो नाही. माणसांनी नूर महंमदकडं पाहिलं, आणि मी त्यांना पाहू दिलं.

तीन महिन्यांनी ताईबाई कंद मागायला आली. तोवर माझ्या बाकीच्या मळ्यातही दोन-तीन झाडांत झुबका दिसला होता. मी देणार कसा? नाही म्हणालो. 'कायले नाही, भाऊ? माहेरचे कंद मागून रायली, सोनं नाही,' म्हणाली. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. या सगळ्या प्रकरणात मी केलेली एवढीच एक बरी गोष्ट, आणि तिच्यासाठी तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं. मग सगळी केळी काढली, जाळली, कापूस पेरला.

आता तुम्ही डब्यात कंद आणाल की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी सूचना देणारा कोण. हे पत्र ताईबाईला वाचून दाखवा.

चुडामण


असोदा, १५ ऑक्टोबर १९९५

अभिमनराव,

तुमचं उत्तर आलं नाही. ताईबाईचं कार्ड आलं. तिनं आयुष्यात मला लिहिलेलं पहिलं. तसंच्या तसं उतरवतो, कारण तिनं तुम्हाला दाखवलं असेल असं वाटत नाही.

'भाऊस. पत्र पोचलं. तुम्ही आखाजीला नाही म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. चांगले असते तर तुम्ही दिले असते. मी कंद न्यायला आलेच नव्हते, विचारायला आले होते. तुम्ही सांगाल म्हणून ताटावर बसून राहिले. इकडं मी कोणाला बोलले नाही, माहेरचं नाव म्हणून. नूर महंमदला तुम्ही काय सांगितलं, ते पत्रात कुठं आहे? ताईबाई.'

अभिमनराव, दीड वर्ष तुम्ही तिच्यासमोर माझ्या नावानं बोटं मोडली असणार, कंद नाकारणारा भाऊ म्हणून. ती ऐकत राहिली. तिला त्याहून वाईट माहीत होतं, आणि ते ती गिळून बसली होती. हे वाचून मला स्वतःचं जेवण नको झालं. बायको म्हणाली डॉक्टरकडं चला. मी नूर महंमदकडं गेलो.

नाल्यापलीकडं राहतो तो. हसीनाबी, त्याची बायको, ओट्यावर लसूण सोलत होती. मला पाहून उठली नाही. 'अब आए?' एवढंच म्हणाली, आणि आत आवाज दिला. तो बाहेर आला. ज्या विळ्यानं तो कंद कापायचा त्याच विळ्यानं बकरीला पाला कापत होता, तो हातातच होता. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तुम्हाला लिहिलं तसंच, डबा, विहीर, रॉकेल, सगळं. तुम्हाला पत्र पाठवल्याचंही सांगितलं. जरा मोकळं वाटायला लागलं होतं मला, इतका निर्लज्ज मी.

त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'चिठ्ठीत कापाचं लिहिलं काय?'

मी त्याच्या हातातल्या विळ्याकडं पाहिलं.

'नाही लिहिलं,' तो म्हणाला. 'मले वाटलंच.'

तर आता लिहितो. तुम्ही तेव्हा बांधाच्या त्या टोकाला आबांना सावरत होता, म्हणून तुम्हाला नीट ऐकू गेलं नसेल. नूर महंमद विहिरीजवळच्या त्या दोन झाडांपाशी बसला. हातानं माती उकरली, बुडखा मोकळा केला, आणि म्हणाला, 'हे दोन माह्ये नाही. माह्या कंदाले मी बुडाशी तिरपा काप देतो, पाणी साचू नये म्हनून. याले सरळ काप हाये.' आणि वर माझ्याकडं पाहून म्हणाला, 'चुडामणभाऊ, तुम्हीच सांगा. तुम्ही माह्या कापाचे कंद इतकी वर्षं लावले.' तुमच्या गावच्या एकानं मला विचारलंही, 'हाऊ काप वळखाले येस का?'

मी म्हणालो, जमिनीत वर्षभर राहिल्यावर काप ओळखू येत नाही.

ओळखू येतो. पाच वर्षांनी येतो. ते सरळ काप मीच दिले होते, ताईबाईसाठी, घाईघाईत, घरच्या सुरीनं. मागल्या पत्रात मी असं भासवलं की खोटं बोललो नाही, नुसतं खरं सांगायचं राहिलं. ते पत्र लिहितानाही खोटं बोललो. माझ्यात हे कुठवर मुरलं आहे, मला माहीत नाही.

मी त्याची माफी मागितली. त्याला त्या माफीचीच किळस आली जास्त. म्हणाला, 'माफीचं काय करू मी, ट्रकात भरू?' मग बराच वेळ पाला कापत राहिला. मी उभाच. शेवटी म्हणाला, 'जिथं बोलले तिथं जाऊन बोला. त्याच मानसाईसमोर. माह्या कापाची गवाही द्या. मंग घरी या, चहा पाजतो.'

हसीनाबी म्हणाली, 'मैं नहीं बनाऊँगी.'

तो म्हणाला, 'मी बनवीन.'

चुडामण


असोदा, २० ऑक्टोबर १९९५

अभिमनराव,

काल संघाच्या कार्यालयात सहलीला जाणाऱ्यांची बैठक होती, तुम्ही आला नव्हता. अनुभवी प्रवासी म्हणून मला बोलायला बोलावलं होतं. मी हौदापासून डब्यापर्यंत आणि डब्यापासून कापापर्यंत सगळं सांगितलं. अध्यक्ष मध्येच उठून म्हणाले, चुडामणभाऊ थकलेत. उखर्डू आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'आरे येडा, आते सगळास्ना बॅगा तपासतीन ना!' त्यांना तेवढंच खटकलं. माझ्याबद्दल नाही, नूर महंमदबद्दल नाही, बॅगांबद्दल. तिथं चहा आला, मी घेतला नाही.

पण ती बैठक म्हणजे तुमचा मळा नव्हे. बोललो मी तुमच्या विहिरीजवळ, तेव्हा तिथंच यायला हवं.

कांदेबागेची, म्हणजे केळीच्या या दिवाळीतल्या हंगामाची, लागवड अजून आठ-दहा दिवस चालेल. नूर महंमद तुमच्या मळ्यासाठी रावेरकडं जाऊन एका स्वच्छ मळ्यातून कंद काढून आला आहे. मी दोन दिवस त्याच्याजवळ बसून होतो. त्यानं मला हात लावू दिला नाही. प्रत्येक कंद कापला, हुंगला, शंभरातले वीस फेकले. बुडाशी तिरपा काप. भाऊबीजेला सकाळी या कंदांचा ट्रक निघेल, अमळनेरवरून दुपारपर्यंत तुमच्याकडं पोचेल. पुढं ड्रायव्हरशेजारी नूर महंमद बसेल आणि त्याच्याशेजारी मी. त्यात माझ्या मळ्यातला एकही कंद नाही. पण बहिणीच्या घरी भाऊबीजेला येतो तेव्हा माहेरचं काही तरी हातात हवं, म्हणून पहिले दोन नूर महंमदनं वेगळे बांधून दिले. 'हे ताईले द्या,' म्हणाला, 'सांगा, माह्ये शे.' तुमच्याकडची बोली तो मुद्दाम बोलला, तुम्हाला नीट कळावं म्हणून असेल.

तुमच्याकडं माझी एकच मागणी आहे. त्या दिवशी जी माणसं मळ्यात होती ती सगळी विहिरीजवळ जमवा. तुमच्या आबांनाही आणा, खाट टाकून बसवा. मला जे बोलायचं ते उभ्यानं बोलेन, बुडखा उकरून दाखवायला काही उरलं नसलं तरी. त्यानंतर ट्रक उतरवायचा की परत पाठवायचा, तुम्ही ठरवा. परत पाठवलात तर कंदांची काळजी नाही, नूर महंमदचे कंद आता बाजूच्या गावांतूनही मागायला लागलेत. दोघांनी आजच निरोप पाठवला. लोक मला शिव्या देतात आणि त्याच्याकडं जातात, हे बरं चाललं आहे.

५ तारखेला तुम्ही विमानात बसाल तेव्हा सुती सदरे, छत्री, जुने बूट. हौदात दोन्ही पाय. डब्यात फक्त चिवडा न्या आणि रिकामा डबा परत आणा.

आता मला तुमच्याकडून एक हवं आहे. मी असा प्रवास याआधी केलेला नाही. तुमच्या गावाला यायचं तर काय बरोबर आणावं, वेशीपासून चालत यावं की ट्रकमधूनच, ताईबाईसमोर आधी काय बोलावं, ओवाळायला ती येईल की नाही, आणि तुमच्या घरी मला पाणी मिळेल की बाटली घेऊन यावी. प्रवासाच्या तयारीबाबत चार उपयुक्त सूचना कळवाव्यात, ही विनंती.

चुडामण